सुईत दोरा ओवायच्या आधी: शिवण-भरतकाम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

माझ्या भाच्याच्या बारशाला मी दुपटं केलं होतं. पांढरंशुभ्र मलमल, चारही कोपऱ्यांत लाल जास्वंद, मधे हिरवी पानं, रोज रात्री जेवणं आटोपली की तासभर बसायचे, असे जवळजवळ दोन महिने. टाके इतके छान आले होते की मीच मधूनमधून कापड उलटं करून मागची बाजू बघत बसायचे. बारशाच्या आदल्या दिवशी वाटलं, हाताळून हाताळून जरा मळलंय, एकदा धुवून इस्त्री मारून देऊया. बादलीतून बाहेर काढलं तर कोपरे गुलाबी. बरं, अख्खं दुपटं सारखं गुलाबी झालं असतं तरी "असाच रंग आहे" म्हणून खपवलं असतं, पण हे म्हणजे कोपऱ्यांत कोणीतरी सरबत सांडल्यासारखं.

टाक्यांत काही चूक नव्हती हो. चूक दोन महिने आधीच झाली होती, दुकानात लाल दोरा हातात घेतला तेव्हा. त्यानंतर बरीच वर्षं मी शिवतेय, भरतेय, उसवतेय, आणि माझ्या जेवढ्या म्हणून फजित्या झाल्या त्यातल्या बहुतेक सुई कापडात जायच्या आधीच पक्क्या झालेल्या होत्या. कापड भिजवलं नाही, खडू चुकीचा घेतला, सुई उलटी बसवली, असलं काहीतरी. म्हणून या लेखात टाक्यांपेक्षा आधीच्या गोष्टींवर जास्त बोलणार आहे. टाके कुठल्याही व्हिडिओत बघून येतात.

१. ब्लाऊजपासून सुरुवात करू नका

मशीन घरात आलं की पहिला विचार हाच येतो, की आता शिलाईचे पैसे वाचवायचे, स्वतःचा ब्लाऊज स्वतः शिवायचा. नका. ब्लाऊज म्हणजे कटोरी, टक्स, बाहीची गोलाई, अस्तर, हुकपट्टी, सगळ्या अवघड गोष्टी एकाच मीटरभर कापडात. माझ्या पहिल्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होत्या. कापताना कापडाची घडी सुलट बाजू आतल्या आत धरून करायची असते म्हणजे दोन बाह्या एकमेकींच्या आरशातल्यासारख्या निघतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी एक कापली आणि तीच तशीच ठेवून दुसरी कापली.

माझ्या मते क्रम असा ठेवा: आधी रुमालावर किंवा मांजरपाटाच्या (साध्या सुती कापडाच्या) तुकड्यावर हाताचं भरतकाम, मग साडीला फॉल, मग मशीनवर सरळ टिपा, मग उशीचा अभ्रा. एवढं झालं की परकर, पिशवी, झबलं, जे वाटेल ते. ब्लाऊज त्यानंतर आणि तोही जुन्या साडीतून.

२. सामान आणताना

भरतकामाला लागणारं सगळं थोड्या पैशांत येतं, त्यामुळे आधी हेच घ्या:

- लाकडी रिंग, स्क्रूवाली, ६ इंची. फार मोठी घेतलीत तर बोटं मधपर्यंत पोचत नाहीत.
- भरतकामाच्या सुयांचं मिक्स पाकीट
- अँकर किंवा तत्सम सुती दोऱ्याच्या ५-६ लड्या
- मांजरपाट किंवा कॅम्ब्रिक, एक मीटर
- छोटी टोकदार कात्री (दोऱ्याला) आणि मोठी कात्री (कापडाला)
- उसवणी, म्हणजे दुकानात ज्याला सीम रिपर म्हणतात ती. ही विसरू नका, हिचाच उपयोग सगळ्यात जास्त होणार आहे
- टेप, टाचण्या, खडू, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी)
- सुया ठेवायला झाकणाची डबी

मुंबईकडचे असाल तर भुलेश्वरला लेस, काठ, दोरे, बटणं यांची दुकानंच दुकानं आहेत, आणि कापडाला मंगलदास मार्केट. पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी. पण खरं सांगू, सुरुवातीला गल्लीतलं मॅचिंग सेंटर पुरतं. भुलेश्वरला पहिल्यांदा गेले तेव्हा मी दोन लड्या आणायला निघाले होते आणि चौदा मीटर लेस घेऊन घरी आले, ती अजून तशीच आहे, हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं.

इथे एक खड्डा आहे तो नीट बघून घ्या. हाताच्या सुयांचा नंबर वाढत गेला की सुई बारीक होत जाते, म्हणजे ३ नंबर जाड आणि ९ नंबर बारीक. मशीनच्या सुईचं बरोब्बर उलटं. ११ नंबर बारीक, मलमल-जॉर्जेटसारख्या तलम कापडाला, १४ रोजच्या सुती कापडाला, १६ जाड कापडाला, जीन्सला. मशीनच्या पाकिटावर ९०/१४ असे दोन आकडे असतात, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. दुकानदाराला नुसतं "बारीक सुई द्या" म्हणालात तर तो काय देईल याचा नेम नाही, नंबर सांगा.

कात्रीचं तर मी घरात जाहीरच केलंय की कापडाच्या कात्रीने कोणी कागद कापायचा नाही. कागदाने धार जाते आणि मग कापड कापलं न जाता कात्रीच्या दोन पात्यांमधे चघळलं जातं. तरी मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री ती कात्री गायब होतेच. आता मी तिच्या मुठीला लाल लेस बांधून ठेवलीय, चौदा मीटरमधली.

३. कापड भिजवल्याशिवाय कात्री लावू नका

सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. किती आटेल हे कापडावर आहे, पण मीटरमागे इंच-दोन इंच सहज जातात. त्यामुळे आणल्या आणल्या रात्रभर साध्या पाण्यात भिजत टाका, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. अस्तराचं कापड, साडीचा फॉल, पायपिंगची पट्टी, सगळ्यांना हाच नियम. ब्लाऊज शिवल्यावर पहिल्या धुण्यात आतलं अस्तर आटतं आणि वरचं कापड तसंच राहतं, मग पाठीवर जे फुगे येतात ते इस्त्रीने जात नाहीत, जाऊ शकतच नाहीत, कारण आता दोन कापडांची मापंच वेगळी झालेली असतात.

भिजवल्यावर उभा-आडवा धागा ओळखायला शिका. कापडाची जी घट्ट विणलेली किनार असते तिच्या बाजूने जाणारा तो उभा धागा, या दिशेला कापड जवळजवळ ताणलं जात नाही. पन्ह्याच्या, म्हणजे कापडाच्या रुंदीच्या, दिशेने आडवा, तो थोडासा ताणतो. आणि कोपऱ्यातून तिरकं धरून ओढलंत तर बघा कसं रबरासारखं लांबतं, तो उरेब. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात ती याचसाठी, गोलाईवर ती वळते. सरळ पट्टी लावलीत तर गळा उभा राहतो. आणि उलट, अभ्रा किंवा परकर तिरका कापला गेला तर तो धुतल्यावर एका बाजूला लोंबतो.

कापताना माया सोडायची. माया म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. मी सुरुवातीला सगळीकडे पाव इंच सोडायचे, कापड वाचतं म्हणून, आणि मग जरा ताण आला की शिवण उसवायची, कारण सुती कापडाचे धागे कडेने सुटत जातात. अर्धा इंच सोडा. ब्लाऊजच्या बगलेत इंचभर. पुढेमागे अंग भरलं तर उसवून सैल करता येतं आणि आपल्याकडे ते होतंच.

४. नक्षी उतरवणं

छापण्याचे तीन-चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची खोड आहे.

कार्बन पेपर: फिकट कापडाला निळा, गडद कापडाला पिवळा किंवा पांढरा. भरतकामाचा वेगळा कार्बन मिळतो तोच घ्या. ऑफिसातला टायपिंगचा कार्बन वापरलात तर तो हाताला, रिंगला, कापडाला, सगळीकडे लागतो आणि धुऊन निघत नाही.

छापा: जुनी आणि माझी आवडती पद्धत. बटर पेपरवर नक्षी काढायची, रेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, मग रॉकेलमधे थोडी निळीची पूड कालवून कापसाच्या बोळ्याने कागदावर फिरवायची. भोकांतून ठिपके उतरतात. एकदा केलेला कागद कितीतरी वेळा वापरता येतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसपासून लांब बसा.

पाण्याने जाणारा पेन: निळी रेघ उमटते, गार पाणी लावलं की जाते. इथे घात होतो तो इस्त्रीने. रेघ धुवायच्या आधी वरून इस्त्री फिरवलीत की ती निळी रेघ कायमची बसते. आधी धुणं, मग इस्त्री.

उष्णतेने जाणारा पेन: याचं उलट, इस्त्री लावली की रेघ गायब. पण शाई कापडातून निघत नाही, नुसती दिसेनाशी होते, आणि कडाक्याच्या थंडीत परत दिसायला लागते. आपल्याकडे डोंबिवलीत त्याची काही भीती नाही, पण परदेशात राहणाऱ्या बहिणीला भेट पाठवणार असाल तर त्या कापडावर हा पेन नको.

काहीही वापरा, आधी त्याच कापडाच्या कोपऱ्याच्या तुकड्यावर रेघ मारून, धुवून, इस्त्री करून बघा. दहा मिनिटं जातात.

५. दोरा, आणि माझं गुलाबी दुपटं

भरतकामाच्या सुती लडीत साधारण ८ मीटर दोरा असतो आणि तो दोरा ६ पदरी असतो. सहाच्या सहा पदर एकदम वापरायचे नसतात, निदान नाजूक कामाला तर नाहीच. फुलाच्या पाकळीला २ किंवा ३, देठाला २, बाळाच्या डोळ्यापापण्या वगैरे असतील तर १.

आधी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एवढाच दोरा कापा, साधारण १८ इंच. परत परत ओवायचा कंटाळा येतो म्हणून लांब दोरा घेतला की तो कापडातून जाऊन जाऊन विसविशीत होतो आणि गाठी पडतात. मग पदर वेगळे करताना एका वेळी एकच पदर वर ओढा, बाकीचे पाच सैल सोडून द्या, ते खाली गोळा होतील, घाबरू नका, पदर निघाला की हाताने सरळ होतात. दोन-तीन पदर एकदम ओढलेत तर असा गुंता होईल की लडी फेकावीशी वाटेल. हे मी पाच-सहा लड्या फेकल्यावर शिकले. सगळे पदर सुटे करून मग हवे तेवढे परत जुळवायचे, त्याने टाका कापडावर चपटा आणि चकचकीत बसतो.

आता रंग. लाल, मरून, गडद निळा, काळा, या चार रंगांवर कधीच विश्वास ठेवू नका, दोरा चांगल्या कंपनीचा असला तरी. वीतभर दोरा ओला करा, पांढऱ्या रुमालात दाबून धरा, पाच मिनिटांनी उघडा. रुमालावर डाग आला तर लडी आधी गार पाण्यात धुवून घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत, वाळवा आणि परत तीच परीक्षा घ्या. तरीही सोडत असेल तर ती लडी पांढऱ्या कापडावर नको. मीठ घाला, व्हिनेगर घाला असे सल्ले खूप मिळतात, माझ्या अनुभवात त्याने रंग थांबत नाही. मी तर सुटा लाल दोरा घेतला होता, लेबल नसलेला, चार रुपये स्वस्त होता म्हणून.

लडीवरचा कागदी पट्टा टाकू नका, त्यावर रंगाचा नंबर असतो. अर्ध्या पाकळीला दोरा संपला की "तो जरा पोपटी-हिरवा, पण फार पोपटी नाही" असं दुकानात सांगून काही मिळत नाही.

६. रिंग आणि पावसाळा

रिंगमधे कापड तबल्याच्या चामड्यासारखं ताठ हवं, बोटाने टिचकी मारली की आवाज आला पाहिजे. सैल असेल तर टाका ओढताना कापड गोळा होतं आणि रिंग काढल्यावर चुण्या दिसतात. आतल्या रिंगवर सुती कापडाची पट्टी गुंडाळून घ्या, पकड चांगली येते आणि कापडावर वळ उठत नाहीत.

आणि रोज रात्री काम थांबवलं की रिंग काढायची, सुईही कापडात टोचून ठेवायची नाही. एका जूनमधे मी टेबलक्लॉथ तसाच रिंगसकट कपाटात ठेवला, मुलाच्या आजारपणात, मग गणपतीत विसरले, आणि सप्टेंबरात काढला तर रिंगच्या स्क्रूच्या जागी गंजाचा डाग आणि सुईचा एक वेगळा. लिंबू-मीठ चोळून फिके झाले, गेले नाहीत. शेवटी दोन्ही डागांवर एकेक फूल भरलं, ज्याला माहीत नाही त्याला वाटतं नक्षीच तशी आहे.

७. टाके: पाच पुरेत

धावदोरा, उलटी टीप, देठाचा टाका, साखळी, गाठीचा टाका. या पाचांत फुलं-पानं-नावं सगळं होतं. ज्याला नुसता धावदोरा येतो त्यानेही लाजायचं कारण नाही, आपल्या आज्यांच्या गोधड्या धावदोऱ्यावरच उभ्या आहेत, जुन्या साड्यांचे थर आणि त्यावर कडेपासून मध्याकडे जाणारे टाके, बस.

गाठीच्या टाक्याबद्दल मात्र थोडं सांगते कारण सगळे इथेच रडतात. सुई वर काढली, दोरा सुईवर दोनदा गुंडाळला, आणि आता ज्या भोकातून वर आलात त्याच भोकात परत घातलीत तर अख्खी गाठ कापडातून खाली निघून जाते. एक-दोन धागे सोडून शेजारी सुई टोचा. आणि सुई खाली ओढत असताना डाव्या हाताने दोरा ताणून धरून ठेवा, अगदी शेवटचा इंच राहीपर्यंत सोडू नका. डावा हातच गाठ बांधतो, उजवा नुसता सुई ओढतो. एकदा हे हाताला कळलं की मग थांबवत नाही, मी एका संध्याकाळी एका छोट्या शेवंतीत शंभरावर गाठी भरल्या, भाजी करपेपर्यंत.

या पाचांपलीकडे जाऊन पाकळी भरून काढणारा भरीव टाका घेतलात तर एक सांभाळा, टाका फार लांब घेऊ नका. अर्ध्या इंचाच्या वर गेला की तो बांगडीत, अंगठीत अडकून ओढला जातो. मोठी पाकळी असेल तर तिचे मधून दोन भाग करा.

सुरुवातीला आणि शेवटी गाठ मारायची सवय सोडा, मागच्या टाक्यांमधून सुई दोन-तीनदा फिरवून दोरा अडकवा. इरकल साडीवरची कसुती, म्हणजे कर्नाटकातलं भरतकाम, कधी हातात मिळाली तर उलटी करून बघा, गाठ नसते आणि तिच्यातल्या गवंती नावाच्या टाक्याची नक्षी मागून-पुढून सारखी दिसते. सगळं काम कापडाचे धागे मोजून, छापा वगैरे काही न काढता. ते बघितलं की आपण जमिनीवर येतो.

८. साडीला फॉल लावणं

नव्या माणसाला हातशिलाई शिकायला याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. लांबच लांब सरळ रेघ आहे, चुकलं तरी आतल्या बाजूला आहे, आणि शेवटी खरोखर नेसता येते.

पहिली गोष्ट, ब्लाऊजपीस साडीला जोडून असेल तर तो आधी कापा. तो बहुतेक साड्यांत खोचायच्या टोकाला असतो, आणि मी तो तसाच ठेवून फॉल लावला होता, त्यामुळे फॉलचा पाऊण मीटर ब्लाऊजपीसावर गेला.

दुसरी, साडी एकदा अंगावर नेसा, साधीच, कपड्यांवरून. टाचेपाशी जो काठ येतो त्याला आतल्या बाजूने सेफ्टी पिन लावा. खोचायच्या टोकालाही एक. आता काढा. हे केलं की फॉल वरच्या काठाला लागणं, पदराच्या बाजूला लागणं, सुलट बाजूवर लागणं, तिन्ही फजित्या टळतात. हसू नका, तिन्ही होतात.

फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री केलेला हवा. गडद रंगाचा असेल तर दोऱ्यासारखीच त्याच्या रंगाची परीक्षा घ्या. साडी जमिनीवर चादरीवर पसरा, पलंगावर नको, पलंग दबतो आणि झोळ येतो. खोचायच्या टोकापासून वीतभर सोडून फॉल ठेवा, खालची कड साडीच्या काठाशी जुळवा, टोकं आत दुमडा, वीतभर अंतरावर टाचण्या लावा आणि मग कच्चा दोरा (नंतर काढून टाकायचे लांब-लांब टाके) घाला. हो, कच्चा दोरा घालाच, कंटाळा करू नका, टाचण्या निसटतात आणि फॉल हळूहळू सरकत जातो.

मग खालची कड आणि नंतर वरची कड हेम घालून घ्या. हेम घालताना साडीचा एक, फार तर दोन धागे सुईवर उचलायचे, फॉलचे तीन-चार चालतील. सुलट बाजूने बघितलं तर टाका दिसता कामा नये, टिंबासारखा दिसला तरी ठीक. आणि दोरा ओढायचा नाही. ओढून बसवलेल्या फॉलने निऱ्या खाली गोळा होतात, साडी पायाशी आत वळते.

पहिल्या फॉलला मला तीन संध्याकाळी लागल्या, आता दीड तासात होतो. आईच्या साड्यांचे फॉल आता मीच लावते, ती चष्मा लावून टाके बघते आणि काही बोलत नाही, म्हणजे ठीक आहे असं मी धरते. तिन्हीसांजेला शिवू नये म्हणून ती मला उठवते मात्र नेहमी. मी उठते, त्या उजेडात तसंही काळ्यावर काळं दिसत नाही.

९. मशीन: आधी कागद, मग कापड

नवं घ्या किंवा सासूबाईंचं काळं पायाचं काढा, सुरुवातीला दोन्ही सारखीच घाबरवतात. नवशिक्याला झिगझॅग आणि पंधरा डिझाईन लागत नाहीत, एक सरळ टीप लागते.

पहिले दोन दिवस दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावर शिवा. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. पायाच्या मशीनवर पायडल उलटं पडलं की चाक मागे जातं आणि दोरा तुटतो, हे जमायला वेळ लागतो. कागदावर शिवलेली सुई मग कापडाला वापरू नका, बोथट होते.

मशीन काय करतं ते एकदा समजून घ्या म्हणजे निम्मी भीती जाते. सुई खाली जाते आणि वर यायला लागली की तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास होतो. खालच्या शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनभोवती (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाभोवती) फिरवून आणतं, असे वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात. सुई उलटी बसली, वाकली किंवा पूर्ण वर सरकवलेली नसली की शटलला फास सापडतच नाही आणि टाके सुटतात. सुईच्या वरच्या टोकाला एक बाजू चपटी असते, ती कुठे हवी हे मशीनप्रमाणे बदलतं, म्हणून जुनी सुई काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मी नवी सुई उलटी बसवून तीन दिवस मशीन बिघडलं म्हणून रडले होते, मेकॅनिक आला, त्याने सुई फिरवली, चहा प्यायला आणि दोनशे रुपये घेऊन गेला.

आणखी काही, घाईघाईत:

- खालून दोऱ्याचं घरटं झालं तर बॉबिनला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर करून वरचा दोरा परत ओवा. फूट खाली असताना टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या आवळलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे बसतच नाही.
- फूट खाली करायला विसरून शिवायला लागणं, हेही घरट्याचं कारण. अजूनही होतं माझं.
- सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं फूटखालून मागे घेऊन बोटाने धरा.
- बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा आणि हलका झटका द्या. इंचभर खाली सरकून थांबली तर ताण बरोबर. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.
- कापड मागून ओढू नका, खालचे दाते ते पुढे नेतात. ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि मोडते. तुकडा उडतो, माझा चष्म्यावर लागला होता.
- तेल मशीनचंच, प्रत्येक भोकात एकेक थेंब, खोबरेल तर अजिबात नको, चिकट होऊन मशीन जड होतं. तेल घातल्यावर आधी चिंधीवर शिवा.

१०. पहिली वस्तू: उशीचा अभ्रा

उशी २७ बाय १७ इंच धरते, तुमची मोजून घ्या. चेन नाही, बटण नाही, नुसती आत दुमडणारी झडप.

लांबी: पुढची बाजू २७, मागची २७, झडप ६, दोन्ही टोकांना दुमडायला एकेक इंच, म्हणजे ६२. रुंदी: १७ आणि दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे १८. आता तुम्ही म्हणाल ३६ पन्ह्यात बरोब्बर दोन बसतात. बसत नाहीत. भिजवल्यावर पन्हाही आटतो. ४४ पन्ह्याचं पावणेदोन मीटर घ्या, दोन अभ्रे होतील.

भरतकाम करायचं तर ते आत्ताच, कापड सपाट असताना. शिवून झालेल्या अभ्र्यात रिंग लावली की मागची बाजूही टाक्यात सापडते आणि उशी आत जात नाही. विचारू नका मला कसं माहीत.

दोन्ही आखूड टोकं दुमडून टीप मारा. कापड सुलट बाजू वर करून पसरा. एका टोकापासून २७ इंचांवर घडी घाला, आता दुसऱ्या टोकाला ६ इंच बाहेर राहतील, ती झडप या घडीच्या वरून उलटवून टाका. दोन्ही लांब बाजूंना टाचण्या, मग अर्ध्या इंचावर टीप, सुरुवातीला आणि शेवटी थोडं मागे-पुढे शिवून पक्कं करा. उलटवा. कोपरे पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बाहेर काढा, कात्रीच्या टोकाने नको. पहिल्यांदा तो अभ्रा उलटताना आणि खरोखरचा अभ्रा बाहेर येताना बघून मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं होतं, कोणालाच काही विशेष वाटलं नाही, पण मी मात्र त्या रात्री त्याच उशीवर झोपले.

११. चुकलं की काय करायचं, आणि धुणं

उसवताना दोरा एका बाजूने तीन-चार टाके सोडून सोडून कापा, मग उलट बाजूचा दोरा ओढा, अख्खा निघतो. उसवणी कापडात सरळ घुसवून पुढे ढकलू नका. रात्री दहानंतर उसवू नका, वैतागून भोक पडतं.

रंग सुटलाच तर कापड वाळू देऊ नका. हे महत्त्वाचं, वाळलं की डाग बसतो. लगेच मोठ्या बादलीत भरपूर गार पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रंगीत झालं की बदला, परत ठेवा, एक-दोन दिवस लागले तरी चालतील. माझ्या दुपट्याचं हे बहिणीच्या सासूबाईंनी नंतर सांगितलं. मी तर घाबरून ते आधी पंख्याखाली वाळवलं होतं आणि वर इस्त्री मारली होती. बारशाला शेवटी बाजारातलं दुपटं नेलं. हे माझ्याकडेच आहे, इस्त्री करताना भरतकामाखाली घालते. कारण भरतकामाला इस्त्री उलट बाजूने करायची असते, खाली मऊ जाड काहीतरी घालून, नाहीतर गाठी आणि भरीव टाके चपटे होतात.

आणि रोज उठायच्या आधी सुया मोजायच्या. माझ्या डबीत आठ असतात. आत्ता हे लिहिताना मोजल्या तर सात आहेत, त्यामुळे मी इथेच थांबते आणि घरात कोण कोण अनवाणी फिरतंय ते बघते.